गोड बंद, भात बंद, तरी जेवणानंतरची शुगर दोनशेच्या वर: फॉल्ट कुठे शोधायचा

तक्रार अशी असते. चहातली साखर सुटली, भात सुटला, लग्नाच्या पंगतीत जिलेबीवाला आला की हात आडवा करायची सवय लागली. गोळ्या वेळेवर. आणि तरी लॅबचा कागद हातात येतो तेव्हा जेवणानंतरचा आकडा २१०, २२५, कधी २४०. डॉक्टर म्हणतात, "पथ्य पाळा." आपण म्हणतो, "पाळतोय की." दोघंही खरंच बोलत असतात आणि आकडा काही हलत नाही.

मी कराडला एकतीस वर्षं मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. टाइप टू मधुमेह मला सत्तेचाळिसाव्या वर्षी निघाला, त्याला यंदा अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली सहा वर मांडलेल्या तक्रारीतच गेली. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण बंद पडलेली मोटर कशी तपासायची ते मला कळतं, आणि शेवटी तीच रीत इथे कामाला आली. आधी मीटर लावायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि गिऱ्हाईक ज्या भागाबद्दल "तिथे काही नाही हो, तो नवाच बसवलाय" म्हणतं, तो भाग सगळ्यात आधी उघडायचा.

माझ्या बाबतीत तो नवा बसवलेला भाग म्हणजे गोडाच्या आणि भाताच्या जागी घरात आलेला बदली माल. भाकरी, गूळ, उपवास, मारी बिस्किट. त्याकडे येतोच, पण आधी मीटर, म्हणजे बोट टोचून घरी शुगर मोजायचं यंत्र.

मीटर खरा बोलतोय का?

एकदा दुपारी २६२ आला. घाबरलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, आत्ता तुम्ही नातवाला आंबा कापून दिलात ना?" साबणाने हात धुऊन, कोरडे पुसून पुन्हा बोट टोचलं, १७४. बोटाला लागलेला फळाचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मीटर तोही मोजतो. सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण वाळू द्यायचा. बोट पिळून पिळून रक्त काढायचं नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, कारण दमटपणाने पट्ट्या बिघडतात. पावसाळ्यात आमच्याकडे हे हमखास होतं. डबीवरची मुदतही बघून घ्या.

घरगुती मीटरला थोडी सूट असते. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक असं, की १०० किंवा त्याहून जास्त आकड्याला शंभरातली पंचाण्णव मापं खऱ्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असली तरी मीटर पास. म्हणजे काल १७० आणि आज १८५ यात काही घडलेलं नाही. त्यावरून बायकोच्या आमटीला दोष देऊ नये.

वेळ. "जेवणानंतर दोन तास" हे पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. मी कैक वर्षं उलटं करत होतो.

आणि लॅबमधल्या त्या दुसऱ्या रक्ताची एक गंमत. उपाशीपोटी रक्त देतो, मग शेजारच्या हॉटेलात पोहे किंवा इडली खातो, दोन तासांनी परत जातो. पुष्कळजण त्या सकाळची गोळीही घेत नाहीत, "तपासणी आहे ना" म्हणून. म्हणजे कागदावर आलेला आकडा हा गोळीविना खाल्लेल्या हॉटेलच्या पोह्यांचा असतो, आपल्या रोजच्या जेवणाचा नाही. गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

एकटा आकडा काही सांगत नाही, जोडी लागते

जेवायच्या आधी एक आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एक. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या जेवणाचं काम. आधी १६५ आणि नंतर २०५ असेल तर जेवणाने चाळीसच चढवली. जेवण निर्दोष, फॉल्ट आधीपासूनचा आहे, खाली "सकाळी काही खाल्लेलं नसतानाही जास्त" हा भाग वाचा. आधी ११० आणि नंतर २३० असेल तर मात्र ताटच उघडायचं.

(आकडे सगळे आपल्याकडच्या मीटरवर दिसतात तेच, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. मधुमेह असलेल्या प्रौढांना साधारणपणे जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर एक-दोन तासांनी १८० च्या आत असं लक्ष्य सांगतात. वय जास्त असेल, इतर आजार असतील तर डॉक्टर ते सैल ठेवतात, आणि ते बरोबरच आहे.)

पट्ट्या महाग पडतात, कबूल. रोज नको. आठवड्यात चार जोड्या घ्या, पण नीट घ्या, आणि समोर वहीत ताट लिहा. "जेवण: नेहमीचं" असं लिहिलेल्या वहीचा काडीचा उपयोग नाही. माझी पहिली वही तशीच होती.

बदली माल: भाकरी

इथे मी जरा वेळ काढणार आहे, कारण माझा सगळ्यात मोठा फॉल्ट इथेच निघाला.

मधुमेह कळला त्या आठवड्यात घरात जाहीर झालं, गव्हाची पोळी आणि भात बंद, ह्यांना फक्त ज्वारीची भाकरी. ज्वारी शुगरला चांगली हे गल्लीत कुणालाही विचारा. मीही आनंदाने दोन भाकऱ्या खायचो, आवडीची भाजी असली की तिसरी. पथ्याचंच तर खातोय.

मग एक दिवस नातवाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा ओट्यावर दिसला. भाकरीचं पीठ मळायच्या आधी वजन केलं. आमच्या घरची भाकरी थाळीएवढी, एका भाकरीला ८५ ग्रॅम पीठ. पोळीला ३० ते ३५. आता धान्य कुठलंही घ्या, ज्वारी, बाजरी, गहू, शंभर ग्रॅम पिठात साधारण ६५ ते ७२ ग्रॅम कर्बोदकंच असतात, म्हणजे पोटात गेल्यावर ज्याची साखर होते तो माल. म्हणजे एका भाकरीत साठेक ग्रॅम आणि एका पोळीत वीस-बावीस. मी "दोन भाकऱ्या" खात होतो तेव्हा पाच-साडेपाच पोळ्यांएवढं पीठ पोटात जात होतं. आणि पोळी सोडल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटत होतो.

मग मोजलं. तेच पिठलं, तीच वेळ, चार वेगळे दिवस:

दोन भाकऱ्या आणि पिठलं: ११८ वरून २३६.
दोन पोळ्या आणि पिठलं: ११६ वरून १७५.
एक भाकरी, पिठलं दुप्पट, काकडी: १२१ वरून १६६.
अर्धी भाकरी, मटकीची उसळ वाटीभर, पिठलं: ११४ वरून १४९.

ज्वारी-बाजरीत चोथा बरा असतो, पोट भरल्यासारखं वाटतं, हे खरंच. पण पिठाचं माप अडीचपट झाल्यावर तो चोथा तरी काय करणार?

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. ग्लायसेमिक इंडेक्स नावाची जी मोजणी आहे, ती टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. त्यात प्रत्येक पदार्थातून सारखीच कर्बोदकं, सहसा ५० ग्रॅम, माणसाला खायला देतात आणि रक्तातली साखर कशी चढते ते बघतात. म्हणजे तो आकडा वेग सांगतो. ताटात माल किती वाढलाय ते तो सांगत नाही. कलिंगडाचा इंडेक्स जास्त, पण त्यात पाणीच एवढं की एका फोडीने फार काही होत नाही. उलट, इंडेक्स कमी म्हणून एखादी वस्तू पोटभर खाल्ली की फायदा गेला. आपल्याकडे "हे चालतं, ते चालत नाही" अशाच याद्या फिरतात. "किती" हा शब्द यादीत नसतोच.

पिठलं, उसळ, आमटीतली घट्ट डाळ यांतही कर्बोदकं असतात, पण सोबत प्रथिनं आणि चोथा असल्याने ती हळू उतरतात. माझ्या मीटरवर हरभरा आणि मटकी सगळ्यात सज्जन निघाल्या. तुमच्याकडे दुसरं काही निघेल. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये आठशे माणसांची शुगर सलग मोजून दाखवलं, की एकाच पदार्थाने वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळी चढ होते. म्हणून माझे वरचे आकडे उतरवून घेऊ नका, रीत घ्या.

बदली माल: गूळ, मध आणि बिस्किट

हे पटकन उरकतो. गूळ म्हणजे शंभर ग्रॅममध्ये ८५ ते ९५ ग्रॅम साखरच. उरलेल्यात लोह वगैरे थोडं असतं, पण चमचाभर गुळातून ते किती मिळणार? "अहो, सेंद्रिय आहे तो" असं आमच्याकडे दोन वर्षं चाललं. साखरेच्या एका चमच्याऐवजी गुळाचे दोन पडायचे, कारण गुळाचा चहा कमी गोड लागतो. मध तसाच. खडीसाखर तर साखरच, नावासकट.

बिनसाखरेचा चहा पिणाऱ्याने सोबतची बशी बघावी. दोन मारी बिस्किटांत आठ-नऊ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे जवळपास दोन चमचे साखर. दुकानात दिवसाला चार चहा व्हायचे, त्यासोबत बिस्किटं. साखर दारातून बाहेर काढली आणि खिडकीतून आत घेतली. खारी आणि टोस्ट मैद्याचे. पुड्यावर "शुगर फ्री" लिहिलं असलं तरी पीठ असतंच, मागच्या बाजूला एकूण कर्बोदकांचा आकडा छापलेला असतो तो वाचा. आता चहाबरोबर मी दहा-बारा भाजके शेंगदाणे किंवा मूठभर फुटाणे घेतो.

उपवासाच्या दिवशी शुगर का फुटते?

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी शुगर जास्त, हे माझ्या वहीत इतक्या वेळा आलं की मला मीटरचाच संशय आला. मग एका संकष्टीला दुपारी जोडी घेतली: आधी ११३, साबुदाण्याच्या खिचडीनंतर २५१.

साबुदाणा हा धान्य नव्हेच. टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या कंदातला स्टार्च धुऊन काढून त्याचे मणी करतात, तमिळनाडूत सेलमकडे त्याचा मोठा धंदा आहे. कंदातला चोथा त्या धुण्यातच निघून जातो. कोरड्या साबुदाण्यात शंभराला ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. एका बऱ्यापैकी बशीत सत्तर ग्रॅम साबुदाणा सहज जातो, त्यात बटाटा, वर साखरेची चिमूट, सोबत गोड दही. दुपारी केळं, संध्याकाळी रताळ्याचा कीस, चहाबरोबर राजगिऱ्याचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण कुणा मधुमेह्यानेच काढली असावी.

खिचडीतला त्यातल्या त्यात कामाचा भाग म्हणजे दाण्याचा कूट. पुढच्या संकष्टीला आम्ही साबुदाणा निम्मा केला, कूट दुप्पट, बटाटा गायब, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर. ११९ वरून १८२. त्यानंतर भगर करून पाहिली: लहान वाटीभर भगर आणि मोठी वाटी दाण्याची आमटी, १५८. भगर हे भरड धान्य, तीही ढीगभर खाल्ली तर भातासारखीच वागते, पण आमटीबरोबर कमी लागते. पनीर चालत असेल त्यांनी पनीर घ्यावं.

उपवासाची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. ग्लिमेपिराइडसारख्या, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि दिवसभर पोटात काही नसेल तर शुगर ७० च्या खाली उतरू शकते. दरदरून घाम, थरथर, धडधड, डोकं सुन्न. अशा वेळी पंधरा ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून लगेच घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या आत असेल तर पुन्हा घ्यायचं. ज्यांना जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी आहे त्यांनी घरात ग्लुकोजची पावडरच ठेवावी. ती गोळी आतड्यात साधी साखर फोडायचं काम मंदावते, म्हणून साखर किंवा पेढा तोंडात टाकून वेळेवर उपयोग होत नाही. हे मला माझ्या औषधवाल्याने सांगितलं, तोवर मी खिशात खडीसाखर घेऊन फिरत होतो.

आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर निर्जळी किंवा कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. त्यात शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं.

ताट तेच, क्रम उलटा

आपल्याकडे जेवण सुरू होतं वरणभातापासून. गरम भात, वरण, तूप, लिंबू, पहिलं वाढप तेच. रिकाम्या पोटात सगळ्यात आधी सगळ्यात जलद पचणारी वस्तू. चवीला याहून चांगली सुरुवात नाही, मी मान्य करतो. पण मीटरला ती आवडत नाही.

न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये टाइप टूच्या अकरा जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. आधी भाजी आणि प्रथिनं, नंतर पाव आणि रस, किंवा त्याच्या उलट. पाव शेवटी आला तेव्हा तासाभरानंतरची शुगर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होती. माणसं अकराच होती, म्हणून मी स्वतःवर करून पाहिलं. आधी कोशिंबीर आणि उसळ सावकाश दहा मिनिटं, मग भाकरी, शेवटी चार घास भात. जे ताट २०४ दाखवायचं ते १७१ वर आलं. काही सोडलं नाही, काही विकत आणलं नाही. घरच्यांना पहिले चार दिवस विचित्र वाटलं, "नुसती उसळ काय खाताय?"

दुसरी फुकटची गोष्ट शतपावली. आजोबा अंगणात घालायचे ती. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्याला इन्सुलिनची तेवढी वाट बघावी लागत नाही. सकाळी तासभर फिरून दुपारी जेवून आडवं होणारा माणूस हा फायदा सोडतो. मी कोयना-कृष्णेच्या संगमाला रोज पहाटे जायचो, प्रीतिसंगमावर ओळखीपाळखी खूप झाल्या, पण जेवणानंतरचा आकडा हलला तो रात्री गल्लीत मारलेल्या चार फेऱ्यांनी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवाल्यांनी चालताना खिशात ग्लुकोज ठेवावं, एवढंच.

भात पूर्ण सोडायची गरज मला पुढे वाटली नाही. शिजवून थंड केलेल्या भातातला थोडा स्टार्च घट्ट होतो आणि आतड्यात पचत नाही, म्हणून फोडणीचा भात ताज्या भातापेक्षा थोडा बरा वागतो. थोडाच. त्यासाठी रात्रभर भात ओट्यावर ठेवू नका, निवला की लगेच फ्रिजमध्ये. बाहेर राहिलेल्या भाताने पोट बिघडतं ते वेगळंच.

दोन तासांनी बरी, संध्याकाळी वाईट

रविवारचं मटण. दुपारी दोन तासांनी १५२. मी खूश, सगळ्यांना आकडा दाखवला. सहज पाच वाजता पुन्हा लावला, २१४. मधे काही खाल्लं नव्हतं.

तेल-तूप-चरबी पोट रिकामं व्हायचा वेग कमी करते. त्यामुळे सोबतची भाकरी उशिरा उतरते आणि चढ दोन तासांऐवजी तीन-चार तासांनी दिसते. मिसळ, वडापाव, तूप ओतलेली पुरणपोळी, सगळ्यांचं असंच. म्हणून तेलकट जेवणाला दोन तासांच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, चार तासांनीही बघायचं. मटणात स्वतःची कर्बोदकं जवळपास नसतात. त्यामुळे मी मटण निर्दोष ठरवलं आणि आता यात काय चुकलं म्हणून बसलो. बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "अहो, रस्सा पुसायला घेतलेली तिसरी भाकरी मोजली का?"

सकाळी काही खाल्लेलं नसतानाही जास्त

रात्री झोपताना १२४, सकाळी उठल्यावर १५२. रात्री कुणी उठून खाल्लं? कुणी नाही. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ज्याचं इन्सुलिन धड चालतं त्याला हे कळतही नाही. टाइप टूमध्ये इन्सुलिनला दाद मिळत नाही आणि पुढे पुढे ते कमीही पडतं, म्हणून आकडा वर राहतो. आदल्या रात्रीचं जेवण हा इथे एकच संशयित नाही.

तरी तपासण्यासारखं आहे. दुकान बंद करून मी रात्री दहाला जेवायचो आणि झोपताना हळदीचं दूध, चमचाभर साखरेसह, "औषध म्हणून". जेवण पावणेआठला आणलं, दूध बंद केलं, सकाळचा आकडा १३० च्या आसपास आला. त्याखाली तो माझ्या खाण्याने गेला नाही. ते काम डॉक्टरांनी गोळी बदलून केलं. खाण्याने न सुटणारा फॉल्टही असतो, त्यासाठी स्वतःला उपाशी मारू नये. इन्सुलिन घेत असाल आणि सकाळची शुगर सारखी जास्त येत असेल तर एखाद्या रात्री तीन वाजता उठून मोजा. तीनला ती ७० च्या खाली असेल तर गोष्ट वेगळी आहे, आणि ती त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायची आहे.

फळं, आणि बाकी किरकोळ

मध्यम हापूसमध्ये वीस-बावीस ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक पोळी. पोळी कमी करा, आंबा खा, शक्यतो दुपारी, आणि मोजून. आमरस नको, वाटीत दोन-तीन आंबे जातात आणि वर साखर. चिकू, सीताफळ, केळं निम्मं. पेरू, पपई, जांभूळ बरी. रस कुठलाच नाही. कारल्याचा रस पिऊन गोळी बंद केलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत, दोघांचंही पुढे चांगलं झालं नाही.

ताटात काहीच बदललं नसताना आकडे अचानक चढले तर ताट सोडा आणि हे बघा: ताप, दाढेचा किंवा लघवीचा संसर्ग, अपुरी झोप, राहून गेलेली गोळी, खोकल्याचं गोड औषध, च्यवनप्राश. आणि गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याने काही दिवस शुगर चांगलीच वाढते. मला कुणी आधी सांगितलं नाही, मी आठवडाभर उसळीवर संशय घेत बसलो.

शुगर पुन्हा पुन्हा ३०० च्या वर येत असेल, सोबत उलट्या, फार तहान, झपाट्याने उतरणारं वजन असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. तसंच मोजमापाने जेवण कमी केलंत आणि गोळ्या जुन्याच राहिल्या तर शुगर खाली जाऊ शकते, म्हणून ताटात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना कल्पना द्या.

दोन महिन्यांची नीट लिहिलेली वही घेऊन मी गेलो तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदाच पथ्य पाळा म्हटलं नाही. पानं उलटली, पेन्सिलीने काही आकड्यांना गोल केले. मग विचारलं, "शनिवारी संध्याकाळी काय असतं?" मी म्हटलं, काही नाही, शनिवारी रात्री जेवतही नाही. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. आठ शनिवार, आठही १९० च्या वर.

घरी येऊन मुलाला विचारलं. तो हसायला लागला. शनिवारी दुकानातल्या मारुतीला नारळ फुटतो. खोबरं, गूळ आणि बुंदीचा द्रोण. मी तो कधी लिहिलाच नव्हता. प्रसाद होता ना तो.